न रडणारा पहिलवान

रडणाऱ्या मुलाची मला कधी भीती वाटली नाही. दवाखान्यात नव्या आया यायच्या, मूल छातीशी धरून कावऱ्याबावऱ्या व्हायच्या आणि म्हणायच्या, "बाई, हा लई रडतो, काहीतरी द्या." मी म्हणायची, "रडतोय ना? मग घरी जा खुशाल. न रडणारं असेल ते माझ्याकडं आणा." हसायच्या बिचाऱ्या, त्यांना वाटायचं नर्सबाईंना थट्टेची सवय आहे. थट्टेची सवय आहेच, पण ही थट्टा नव्हती. हे मला एका पहिलवानानं शिकवलं, आणि तो पहिलवान तेव्हा नऊ महिन्यांचा होता.

आता नोकरी संपली आहे. मी कुठं शिकले, कुणाच्या हाताखाली होते, पगार कधी वाढला, हे सगळं वगळते. ते वाचून कुणाचं पोट भरणार आहे? पण धंद्याची ओळख करून दिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून तेवढं सांगते.

माझी आई बुऱ्हाणपुरात घरोघर बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायला जायची. मी परकर नेसायला लागले तेव्हापासून तिच्यामागं तेलाची वाटी धरून फिरले. पुढं लग्न झालं, तीन वर्षांत कुंकू पुसलं गेलं, आणि सासर-माहेर दोन्हीकडच्यांशी भांडून मी नागपूरला सुइणीचं नि नर्सिंगचं शिकायला गेले. तिथं हात कसे धुवायचे, नाळ कशी कापायची, ताप कसा मोजायचा हे शिकवलं. चांगलं शिकवलं, मी नावं ठेवणार नाही. पण बाळ हाताला कसं लागतं, हे मात्र मी आईकडून शिकून गेले होते.

तेल लावायला बसताना पाय लांब करायचे आणि त्यांच्यावर बाळाला निजवायचं. अंगठा पोटरीवरून वर नेला की मांस अंगठ्यापुढं सरकतं, अंगठा उचलला की झटक्यात जागेवर येतं. आणि निरोगी मूल ह्या वेळी हमखास लाथ मारतं. माझ्या आईच्या हनुवटीवर बुऱ्हाणपुरातल्या निम्म्या बड्या लोकांच्या लाथा बसल्या आहेत, हे ती मोठ्या दिमाखात सांगायची. एखाद्या दिवशी लाथ बसली नाही तर बाळाच्या आईला विचारायची, "आज पोरगं बरं नाही का ग?" आणि बहुतेक वेळा ते खरंच निघायचं.

तर मी परत बुऱ्हाणपुरात येऊन दवाखान्यात लागले, त्या सुमाराला आमच्या भागात बाळांच्या प्रदर्शनाची टूम निघाली होती. साहेबांच्या मडमांना त्याची भारी हौस. थंडीत एक दिवस दवाखान्याच्या अंगणात मांडव घालायचा, गावोगावच्या आयांना बोलवायचं, बाळांची वजनं करायची, छाती-डोकं फितीनं मोजायचं आणि सगळ्यांत धट्टंकट्टं बाळ निवडून त्याला चांदीची वाटी द्यायची. निवड म्हणायला मडमबाई करायच्या, पण त्या बघायच्या माझ्या तोंडाकडं. मी मान हलवली की बक्षीस ठरलं.

काय एकेक नमुने यायचे! एकीनं पोराच्या दंडाला लाल चिंध्यांच्या घड्या बांधून वर अंगरखा चढवला होता, दंड भरलेले दिसावेत म्हणून. एकीनं काट्यावर घालायच्या आधी मुलाला एवढं पाणी पाजलं की त्यानं काट्यावरच सगळा हिशेब चुकता केला. लालबागची एक आजी म्हणाली, "माया नातवाचं वजन सकाळी करा, दुपारी ते उतरतं." मी त्यांना सांगितलं, "आजी, हे दूध नव्हे उतू जायला." सगळा मांडव हसला. अशी मी तेव्हा तोऱ्यात होते.

त्याच गर्दीत तोताराम उस्ताद आले. हे चांदनीचे. गावात कापसाची शेती होती, पण खरा जीव कुस्तीत. तरुणपणी मैदानं मारलेली. बुऱ्हाणपुरात त्यांचा आखाडा होता आणि मंगळवारी नि शनिवारी पॅसेंजरनं लालबागच्या स्टेशनावर उतरून ते पोरांना शिकवायला यायचे. मान रेड्यासारखी, कान कुस्तीत चेचून गोळा झालेले, डोक्याला भगवा फेटा. त्यांचा एकुलता एक मुलगा मात्र किडकिडीत निघाला, तो सरकी काढायच्या कारखान्यात लिहायचं काम करायचा. उस्तादांनी मुलाचा नाद सोडला आणि नातवाची वाट बघत बसले. नातू झाला. त्याचं नाव ठेवलं बजरंग.

उस्तादांनी स्वतः त्याला दोन्ही हातांवर धरून आणलं होतं. मागं सून, गिरजा, डोक्यावरचा पदर गळ्यापर्यंत ओढून. मांडवातल्या बायका उठून उभ्या राहिल्या, कारण तसं बाळ कुणी पाहिलंच नव्हतं. पोटऱ्या फुगलेल्या, मांड्या भरलेल्या, दंडावर चक्क बेटकुळी. हात लावला तर दगडासारखं घट्ट. नऊ महिन्यांच्या पोराच्या अंगावर तालीमबाजाची पिळदार शरीरयष्टी!

आमचा काटा म्हणजे पत्र्याचं थंडगार ताट. त्यावर घातलं की प्रत्येक बाळ गळा काढतं. बजरंग पडल्या जागी शांत पडून राहिला. डोळे अर्धे मिटलेले, जीभ ओठांवर आलेली.

"काय शहाणं बाळ आहे हो!" हे कोण म्हणालं? मीच.

"पहिलवान का बच्चा है, रडतो कशाला?" उस्ताद म्हणाले.

"बसतो का?" मी विचारलं. तेवढी अक्कल होती मला.

"अंग भारी आहे नर्सबाई. भारी पठ्ठा उशिरा बसतो, पर बसला की उठवून दाखवा कुणी."

पुन्हा सगळे हसले, मीसुद्धा. गिरजेचा पदर सरकला तेव्हा तिच्या गळ्याशी सूज दिसली. तिचं माहेर तुकईथडच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. तिकडच्या काही बायकांच्या गळ्याला अशी गाठ मी पाहिलेली होती, तेव्हा नवल वाटलं नाही आणि डोक्यात काही आलंही नाही. मी मान हलवली. मडमबाईंनी वाटी दिली. उस्तादांनी ती कपाळाला लावली आणि आखाड्यातल्या पोरांनी "बजरंगबली की जय" असा गलका केला की काट्याचं ताट वाजलं. बजरंग त्या गलक्यानंही दचकला नाही. हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि त्याचं कौतुक केलं, हे आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

दोन महिन्यांनी, होळीच्या आसपास, गिरजा एकटी आली. सासऱ्यांना न सांगता, शेजारणीबरोबर गाडीत बसून आली होती. म्हणाली, चार दिवस झाले पोराला शौच झाली नाही. हे सांगून झाल्यावरही उठेना.

"अजून काय ग?"

"बाई, सारे म्हणतात पोरगं गुणाचं आहे, त्रास देत नाही. पण मले भेव वाटते. मी बोलावलं तर हा पाहत नाही मायाकडं. पाजताना झोपून जाते. दुसऱ्यायची लेकरं आईचे केस ओढतात, बाई. यानं मले कधी ओरबाडलं पण नाही." आणि ती रडायला लागली. "मी बोलली तर घरात म्हणतात, बक्षीसवाल्या पोराले नजर लावू नको."

बक्षीसवाला! मी वाटी दिली होती ना, मग आईनं काळजी करायचीही सोय राहिली नव्हती.

मी तिळाचं तेल कोमट केलं, पाय लांब केले आणि पोराला घेतलं. प्रदर्शनाच्या दिवशी मी त्याला मोजलं होतं, तोललं होतं, पण असं पायांवर घेतलं नव्हतं. घेतलं आणि हात फिरवत गेले. अंग थंड, कातडी कोरडी, बेंबी बाहेर आलेली. पोटरीवरून अंगठा वर नेला तर मांस सरकेना. निजलेल्या मुलाची पोटरी सैल, लोण्यासारखी लागायला हवी. ही झोपेतसुद्धा घट्ट. आणि लाथ नाही. मी दाबलं, चोळलं, तळव्याला गुदगुल्या केल्या. त्यानं पाय हळूहळू ओढून घेतला आणि त्याहून हळू सोडला. एवढा मोठा पाय, पण त्याला जोर म्हणून नव्हताच.

मग माझ्या हातून एक गोष्ट झाली ती नागपूरच्या कुठल्याच बाईंनी शिकवली नव्हती. आई एखाद्या सुस्त बाळाच्या दंडावर बोटानं टिचकी मारून बघायची. का मारायची, मी कधी विचारलं नाही. मी बजरंगच्या दंडावर टिचकी मारली. टिचकी लागली तिथं मांस गोटीएवढं वर उठलं आणि तसंच राहिलं. मी मनात मोजत होते. सात-आठ होईपर्यंत ते खाली बसलं नाही. दुसऱ्या दंडावर मारली, तिथंही तसंच. शेजारणीच्या कडेवर तिचं लेकरू होतं, त्याला मारली. काही उठलं नाही, पण त्यानं मला चांगला पंजा मारला.

मी पोराला तसंच उचलून डॉक्टरसाहेबांकडं नेलं. आमचे डॉक्टरसाहेब फार कमी बोलायचे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मुलाला पाहिलं, जीभ पाहिली, मग गिरजेला म्हणाले, "बाई, पदर जरा खाली घ्या." तिचा गळा पाहिला. टिचकी त्यांनी स्वतः मारून पाहिली, दोनदा. मग कपाटातून जाड पुस्तक काढलं आणि बराच वेळ वाचत बसले. मी उभीच.

"थायरॉइड," ते म्हणाले. "गळ्यात असते ती ग्रंथी. आईची ती सुजली आहे, आणि तिचा रस ह्या मुलाला मिळालेला नाही. बहुधा पोटात असल्यापासूनच."

"साहेब, पण अंग तर केवढं भरलं आहे!"

"भरलेलं नाही, ते सुजल्यासारखं आहे."

त्यांनी जे समजावलं ते मी पुढं शेकडो आयांना माझ्या भाषेत सांगितलं, तेच इथं सांगते. पोटात असताना आणि जन्मल्यावर पहिल्या महिन्यांत बाळाचं मांस घडत असतं. मांसाचा एकेक धागा विणला जातो, त्याला आवळायचं कधी आणि सोडायचं कधी हे शिकवलं जातं. हे घडवण्याचा हुकूम गळ्यातल्या त्या रसातून जातो. हाडांनाही तोच जातो, मेंदूलाही तोच. ज्वारीचं पीठ गरम पाण्याशिवाय मळलं तर गोळा मोठा दिसतो, पण भाकरी थापायला घेतली की चिरा पडतात. तसं हे मांस. दिसायला ढीगभर, पण आवळायला उशीर, सोडायला त्याहून उशीर, आणि जोर नाही. असं मूल मान धरत नाही, बसत नाही, उभं राहत नाही. रडायलासुद्धा जोर लागतो, तो नसतो म्हणून ते शांत असतं. शहाणं वगैरे काही नाही.

"औषध आहे?" मी विचारलं.

"आहे. मेंढीच्या त्याच ग्रंथीची भुकटी करून गोळ्या बनवतात. मुंबईहून मागवू. पाय परत मिळतील असं मला वाटतं. डोकं किती मिळेल ते सांगता येत नाही. गेलेला महिना परत येत नाही, बाई. म्हणून आता एक दिवसही वाया घालवायचा नाही, आणि गोळ्या थांबवायच्या नाहीत. जन्मभर."

दोन महिने मी वाया घालवले होते. डॉक्टरसाहेबांना मी ते तिथंच सांगितलं. ते म्हणाले, "मांडवात मीही होतो." एवढंच म्हणाले, पण त्याबद्दल मी त्यांचे उपकार मानते.

गोळ्या आल्या. उस्तादांना बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, मेंढीचं म्हटल्यावर म्हातारा मारुतीची शपथ घालील. तर ते हसले. "जवानीत पायाचा रस्सा पिऊनच हे अंग कमावलं नर्सबाई. मेंढी आपलीच आहे. ताकद की दवा है ना?"

मी म्हटलं, "हो, ताकदीचीच."

ही माझी दुसरी चूक. पोर आजारी आहे, ही पोटरी खोटी आहे, हे त्यांच्या तोंडावर सांगायची मला छाती झाली नाही. वाटी मीच दिलेली, ती कोणत्या तोंडानं परत मागणार? म्हटलं, गुण आला की आपोआप कळेल. गिरजेला मात्र सगळं सांगितलं. ती गोळीचा चतकोर कुस्करून दुधात कालवायची आणि त्याच चांदीच्या वाटीतून पोराला चाटवायची.

दीड महिन्यानं, भर वैशाखात, दवाखान्याच्या ओसरीवर आरडाओरडा ऐकू आला. तोताराम उस्ताद आत आले ते बायकांची रांग बाजूला सारतच. एका हातात बजरंग, दुसऱ्या हातात वाटी. वाटी त्यांनी माझ्या टेबलावर अशी आपटली की शाईची दौत लवंडली.

"हे घ्या तुमचं बक्षीस! माझा पहिलवान वाळवला तुम्ही! हाथ बघा याचे, पाय बघा! दिवस नाही रात नाही, भोंगा लावतो. झोपत नाही, आईला ओरबाडतो. बक्षिसाचं पोर होतं, तुमच्या दवाईनं चिपाड केलं! बंद केली मी. तीन दिवस झाले, गोळी दिली नाही आणि देणार पण नाही!"

गिरजा दाराशी उभी होती. माझ्याकडं असं बघत होती की मला तिथून पळता येईना.

मी पोराकडं पाहिलं. खरंच वाळलं होतं. पोटऱ्या उतरल्या होत्या, गाल बसले होते. आणि ते बेंबीच्या देठापासून कोकलत होतं, आजोबांच्या फेट्याचं टोक मुठीत धरून ओढत होतं. मला इतका आनंद झाला की मी हसले. हसायला नको होतं. उस्तादांचे कान लाल झाले.

"हसता? माझा वंश बुडवून हसता?"

"उस्ताद, बसा."

"बसत नाही."

"मग उभ्यानं ऐका. बक्षीस मी दिलं, ती माझी चूक. तुमचं पोर तेव्हा आजारी होतं आणि मी त्याला पहिला नंबर दिला. आज ते बरं होतंय तर तुम्ही दवा बंद केलीत."

रांगेतल्या बायका पुढं सरकल्या. सगळ्या गावासमोर नर्सबाई स्वतःची चूक कबूल करते, हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असेल. खरं तर मीही पहिल्यांदाच केलं.

"आजारी? तो? त्याची पोटरी दगड होती दगड!"

"तेच विचारते. तुम्ही आखाड्यात नवा गडी घेता तेव्हा काय करता?"

"पोटरी दाबतो. दंड दाबतो."

"कधी? तो जोर काढत असताना का मोकळा उभा असताना?"

"मोकळा," उस्ताद म्हणाले. "मोकळ्या अंगात ढिल्ला पाहिजे. ढिल्ला असतो तोच झपाट्यानं आवळतो. जो सदा कडक, तो गडी लाकूड. पहिल्या डावात मोडतो. ऐसे को मैं घर भेज देता हूँ."

"बजरंग झोपेतसुद्धा कडक होता."

मी टेबलामागून उठले, त्यांच्यापुढं गेले आणि म्हटलं, "दंड पुढं करा." एका परक्या बाईनं भर दवाखान्यात असं म्हणावं! पण त्यांनी बाही वर केली. साठीचा दंड, अजूनही नारळाच्या झाडासारखा. मी जोरात टिचकी मारली. काही उठलं नाही. मग बजरंगच्या दंडावर मारली. तीन दिवस गोळी बंद होती तरी आधीच्या दीड महिन्याचं काम दिसत होतं. बारीकशी गाठ उठली आणि लगेच बसली.

"होळीला ही गोटीएवढी उठत होती आणि मी सात-आठ मोजेपर्यंत बसत नव्हती. ते मांस खोटं होतं, उस्ताद. दवेनं ते उतरवलं. आता खरं भरायला लागेल, पण त्याला वेळ पाहिजे आणि गोळी पाहिजे. थांबवलीत तर पोटऱ्या पुन्हा फुगतील, लोक पुन्हा कौतुक करतील, आणि हा आयुष्यात कधी उभा राहणार नाही. आईला आई म्हणणार नाही, तुम्हाला आजा म्हणणार नाही. बोला, कोणता पहिलवान पाहिजे?"

बजरंग रडत होता. म्हाताऱ्यानं स्वतःच नातवाच्या पोटरीवर हात ठेवला. चाळीस वर्षं गडी दाबून बघितलेला तो हात. एकदा दाबली, सोडली. पुन्हा दाबली. मग पोराला खांद्यावर टाकून ते निघून गेले, मागून गिरजा. वाटी टेबलावर राहिली.

पुढचा मंगळवार आला. ते आले नाहीत. माझं कशात लक्ष लागेना, दोन बाळांच्या चिठ्ठ्यांवर मी एकाच बाळाचं वजन लिहिलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "चांदनीला जाऊन येता का?" मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबते. शनिवारी दार उघडलं तर बायकांच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी, तोताराम उस्ताद उभे. फेटा काखेत धरलेला. दोन तास ते त्या रांगेत उभे राहिले, पुढं या म्हटलं तरी आले नाहीत.

"गोळ्या द्या," ते म्हणाले. "घरच्या संपत आल्या. सून मंगळवारच्या आधीपासूनच पुन्हा देते आहे, मला आज समजलं."

मी गिरजेच्या नावानं मनातल्या मनात हात जोडले. गोळ्या दिल्या आणि वाटी पुढं केली. त्यांनी ती मागं सारली. "ठेवा तुमच्याजवळ. कमावली नाही अजून."

आषाढात मी बजरंगला तेल लावायला घेतलं आणि त्यानं मला लाथ मारली. हनुवटीवर, अगदी नेमकी. दात ओठात घुसला, रक्त आलं आणि मी ते पुसायच्या आधी डॉक्टरसाहेबांना दाखवायला धावले. मग मान धरली, दिवाळीला बसला, पुढच्या होळीला खाटेचा पाय धरून उभा राहिला. प्रत्येक गोष्ट उशिरा, पण प्रत्येक गोष्ट झाली. आता तो मोठा आहे, वडील लिहायचे त्याच कारखान्यात कापसाच्या गासड्या बांधतो, गोळी रोज घेतो. पाढे त्याला कधी पाठ झाले नाहीत. बोलताना शब्द शोधायला थांबतो. तो थांबला की मला ते दोन महिने आठवतात, आणि आठवत राहणार. पण माझ्या धंद्यात मी पुढं अशी चार मुलं पकडली, चौघंही सहा महिन्यांच्या आत, आणि त्यांचा पाढा कुठं अडत नाही. टिचकीला मी माझ्या आईचं नाव देते, पुस्तकवाले काय म्हणतात ते म्हणोत.

आता त्या नागपंचमीचं सांगते. बजरंग सव्वादोन वर्षांचा होता. उस्तादांच्या आखाड्यात रीत अशी की घरचं पोर चालायला लागलं की नागपंचमीला त्याचे पाय लाल मातीत टेकवायचे. आणि दुसरी रीत अशी की आखाड्यात बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही. मला ठाऊकच होतं, तेव्हा मी बोलावण्याची वाट बघायचं कारण नव्हतं. मी दवाखान्यात पट्ट्या गुंडाळत बसले होते.

बाहेर ढोल वाजला. बघते तर आखाड्याची पोरं, तेल चोपडलेली, डोक्यावर टोपल्या. त्यांनी दवाखान्याच्या ओसरीवर टोपल्या रिकाम्या केल्या. लाल माती, तुपाचा नि हळदीचा वास येणारी. हातानं सारखी पसरली. उस्ताद मागून आले, नातवाला घेऊन. गिरजाही होती, डोक्यावरचा पदर मागं टाकून.

"उस्ताद, हे काय? आखाड्याची माती बाहेर काढलीत?"

"तुम्हाला आत येता येत नाही," ते म्हणाले. "मग माती आली."

त्यांनी बजरंगला मातीत उभं केलं आणि हात सोडला. पाय कसे, बोरूसारखे. त्या पायांवर तो एक पाऊल, दोन, तीन पावलं माझ्या दिशेनं आला, चौथ्याला धाडकन तोंडावर पडला आणि त्यानं असा भोंगा पसरला की आतून डॉक्टरसाहेब बाहेर आले. रांगेतल्या बायका उचलायला धावल्या. उस्तादांनी दोन्ही हात आडवे केले.

"कुणी हात लावायचा नाही! रोने दो. नर्सबाईंना ऐकू द्या."

आम्ही सगळे उभे राहून ऐकत होतो. तो रडला, पोट भरून रडला, मग दोन्ही हात मातीत रोवून ढुंगण वर करून उठला, आणि उरलेली पावलं टाकून माझ्या लुगड्याला त्यानं लाल हात पुसले.

मी कपाटातून वाटी काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. ह्या खेपेला वजन केलं नाही.